थकबाकीची वसुली आणि घरातला अंधार

२०२२ साली महाराष्ट्रात आणि देशाच्या इतर भागांतही असंख्य लोकांच्या भ्रमणध्वनीवर एकाच धाटणीचा संदेश फिरत होता. मागील महिन्याचे बिल भरल्याची नोंद झालेली नाही, सबब आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित केला जाईल, तरी तातडीने अमुक क्रमांकावर अधिकाऱ्याशी संपर्क साधावा, असा त्याचा आशय होता. संदेश भामट्यांचा होता. वीज कंपन्यांनी खुलासे केले, पोलिसांनी इशारे दिले, वृत्तपत्रांनी बातम्या छापल्या. तरीही शिकलीसवरलेली माणसे फसली आणि बँकेतील पुंजी गमावून बसली. या प्रकाराची चर्चा त्या वेळी नव्या तऱ्हेची गुन्हेगारी म्हणून झाली आणि थांबली. प्रस्तुत लेखकाला मात्र त्यातील एक वेगळीच बाब विचार करण्याजोगी वाटते. एका रात्रीत, काही तासांच्या इशाऱ्यावर, काही विचारपूस न करता आपल्या घरातील वीज तोडली जाऊ शकते, ही गोष्ट हजारो ग्राहकांना मुळीच अशक्य वाटली नाही. भामट्यांनी लोकांच्या मनातील वीज कंपनीचे जे चित्र गृहीत धरले होते ते अचूक होते, एवढाच याचा अर्थ.

वास्तविक कायदा असे काही करू देत नाही. २००३ च्या विद्युत अधिनियमाचे ५६ वे कलम या बाबतीत पुरेसे स्पष्ट आहे. थकबाकीसाठी वीज तोडावयाची असेल तर ग्राहकाला पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. ब्रिटिश अमदानीतील १९१० च्या कायद्यात ही मुदत सात दिवसांची होती. स्वतंत्र भारताच्या संसदेने ती दुपटीहून अधिक केली. इतकेच नव्हे, तर या कलमाला जोडलेले एक परंतुक ग्राहकाच्या दृष्टीने मूळ कलमाहूनही मोलाचे आहे. बिलाची रक्कम ग्राहकाला मान्य नसेल, तर मागितलेली संपूर्ण रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘निषेधपूर्वक’ भरावी. तेवढे केले की वादाचा निकाल लागेपर्यंत कंपनीला वीज तोडता येत नाही. चारशे रुपयांच्या जागी अचानक नऊ हजारांचे बिल आलेल्या कुटुंबाला याहून अधिक उपयुक्त तरतूद कोणती असू शकेल? परंतु हे परंतुक ठाऊक असलेला ग्राहक शोधून सापडणे कठीण. बिल भरणा केंद्राच्या खिडकीवर ‘आधी बिल भरा, मग तक्रार करा’ हाच कायदा आहे अशी सार्वत्रिक समजूत आहे आणि ती दूर करण्याची घाई खिडकीच्या आतील माणसाला असण्याचे कारण नाही.

याच कलमाचा दुसरा भाग मुदतीविषयी आहे. रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही, आणि तिच्यासाठी वीजही तोडता येत नाही. मात्र ती रक्कम दरम्यानच्या काळात सतत थकबाकी म्हणून बिलात दाखविलेली असेल तर गोष्ट वेगळी. अजमेर वीज वितरण निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये याचा अर्थ उलगडून सांगितला. कंपनीच्या चुकीमुळे कमी आकारणी झाली असेल तर नंतर पुरवणी मागणी करण्यास आणि ती दिवाणी मार्गाने वसूल करण्यास तिला मोकळीक आहे, पण अशा जुन्या रकमेसाठी वीज तोडण्याचे हत्यार तिला वापरता येणार नाही, असा त्या निर्णयाचा मथितार्थ. न्यायालयाने येथे कर्ज आणि कर्जवसुलीचे साधन यांत जो फरक केला, तोच या साऱ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

अर्थशास्त्राच्या वर्गात मागणीची अलवचिकता शिकविताना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मिठाचे उदाहरण देत आलो. मिठाचा भाव दुप्पट झाला म्हणून कोणी अळणी जेवत नाही. आजच्या विद्यार्थ्याला मिठापेक्षा विजेचे उदाहरण लवकर पटते. नळाला पाणी चढविणारा पंप, मुलाचा अभ्यास, आजीचे वाफेचे यंत्र, फ्रिजमधील इन्सुलिन आणि, आता तर, बँकेचा व्यवहार ज्यावर चालतो तो भ्रमणध्वनी, हे सगळे एका तारेवर अवलंबून असते. अशा वस्तूचा पुरवठादार बहुतेक ठिकाणी एकच असतो. ग्राहकाला दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नसते. तेव्हा थकलेली रक्कम आणि ती वसूल करण्यासाठी घरावर लादला जाणारा तोटा यांचे प्रमाण पूर्णपणे सुटते. सातशे रुपयांच्या बाकीसाठी तोडलेल्या विजेमुळे त्या कुटुंबाचे होणारे नुकसान सातशे रुपयांपेक्षा कितीतरी अधिक असते, आणि हे नुकसान कंपनीच्या कोणत्याही खतावणीत येत नाही. सावकार गहाण म्हणून दागिना ठेवून घेत असे. त्याची किंमत कर्जाच्या आसपास तरी असे. येथे घराचे सारे दैनंदिन जीवनच गहाण पडलेले आहे.

यावर असे म्हटले जाईल की, तारण नसलेल्या धनकोने दुसरे करावे तरी काय? पण वीज कंपनी तारण नसलेली धनको नाहीच. जोडणी देतानाच ती सुरक्षा ठेव घेते. महाराष्ट्रात २०२१ च्या वीजपुरवठा संहितेने ही ठेव एका महिन्याच्या सरासरी बिलाइतकी होती ती दोन महिन्यांइतकी केली, आणि २०२२ मध्ये वाढीव ठेवीची वेगळी बिले घरोघर पोचली तेव्हा लोकांनी बराच संतापही व्यक्त केला. म्हणजे ज्या ग्राहकाचे एक बिल थकले आहे त्याच्या दुप्पट रक्कम कंपनीजवळ आधीच जमा आहे. या ठेवीवर कायद्यानुसार बँक दराने व्याज मिळते हे खरे; परंतु ठेव ज्या प्रसंगासाठी घेतली त्या प्रसंगी तिला हात न लावता थेट खांबावर माणूस चढवावयाचा, हा व्यवहार तर्काला धरून नाही. ठेव धनकोची जोखीम कमी करण्यासाठी असेल, तर जोखीम कमी झाल्याचा थोडासा लाभ ऋणकोला सवलतीच्या रूपाने मिळावयास हवा.

दुसरी गोष्ट अशी की, या व्यवहारात मीटर कंपनीचा, वाचन कंपनीचे, बिल कंपनीचे, नोटीस कंपनीची आणि तोडणारा हातही कंपनीचाच. बँकेला कर्जाची वसुली करावयाची तर निदान काही टप्पे ओलांडावे लागतात. बँकांच्या वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर कर्जदाराला दूरध्वनी करू नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये घालून दिला. ५६ व्या कलमात दिवसाची वेळ, ऋतू, घरातील आजारपण यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. पंधरा दिवस संपले की एप्रिलमधील विदर्भाची दुपार आणि डिसेंबरमधील महाबळेश्वरची सकाळ कायद्याला सारखीच. तक्रार निवारण मंचाची तरतूद ४२ व्या कलमात आहे, त्यावर विद्युत लोकपालही आहे. पण मंच स्थापन करण्याची जबाबदारी कायद्याने वितरण कंपनीवरच टाकली आहे, आणि मुख्य म्हणजे मंचाकडे जावयाचे ते ग्राहकाने. वीज तोडण्यापूर्वी कंपनीला कोणाकडेच जावे लागत नाही.

तत्त्वाचा हा भाग सोडून प्रत्यक्षाकडे वळल्यास २०२० आणि २०२१ या दोन वर्षांचा अनुभव पुरेसा बोलका आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, मीटरवाचन थांबले आणि हिवाळ्यातील वापराच्या सरासरीने बिले पाठविण्यात आली. उन्हाळ्यात, त्यातून सारी माणसे दिवसभर घरात असताना, प्रत्यक्ष वापर सरासरीच्या पुष्कळ वर गेला. एक एप्रिलपासून नवे दरही लागू झाले होते. जूनमध्ये प्रत्यक्ष वाचन झाले तेव्हा तीन महिन्यांचा फरक एकदम अंगावर आला. शंभर युनिटांपर्यंत एक दर आणि त्यापुढे चढता दर अशी आपली रचना असल्याने, महिना नव्वद युनिटे वापरणाऱ्याची तीन महिन्यांची दोनशे सत्तर युनिटे एकत्र धरली तर एकशे सत्तर युनिटांना वरचा दर लागेल, आणि ती महिनावार विभागली तर एकालाही लागणार नाही. विभागणी केली आहे असा महावितरणचा खुलासा होता. पण ते बिल वाचून उमगेल अशी सोय नव्हती, आणि ज्याचा रोजगारच बंद होता त्याला ते उमगूनही काय उपयोग होता? कंपनीने तीन हप्त्यांची सोय दिली, एकरकमी भरणाऱ्यास दोन टक्के सूटही दिली, हे नमूद केले पाहिजे.

पुढे जे घडले ते मात्र लोककल्याणकारी म्हणविणाऱ्या राज्याला शोभणारे नव्हते. तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिवाळीत दिलासा मिळेल अशी आशा लावली; नोव्हेंबरमध्ये तो शक्य नाही असे सांगितले. आशेवर थांबलेल्या माणसाची बाकी तोवर आणखी वाढली होती. २०२१ च्या आरंभी वीज तोडण्याची मोहीम सुरू झाली. २ मार्चला, अधिवेशनाच्या सुरुवातीस, विरोधकांनी विधानसभेत आवाज उठविला तेव्हा उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी या विषयावर चर्चा होईपर्यंत कारवाईला स्थगिती जाहीर केली. १० मार्चला, अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, स्थगिती उठली. आठ दिवसांच्या या दयेतून नागरिकाने काय समजावयाचे? सभागृह भरलेले असताना तारा जोडलेल्या राहतात आणि सभागृह उठले की तुटतात, असेच ना?

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वेळच्या वेळी बिल भरणाऱ्या ग्राहकाचे काय? शेजाऱ्याची बाकी अखेर त्याच्याच दरात मिसळते. वसुली ढिली पडली की वितरण कंपनी वीजनिर्मिती कंपनीचे देणे थकविते, ती कोळशाचे थकविते, आणि ही साखळी आपण यापूर्वी अनुभवलेली आहे. ‘आज ना उद्या माफी होईल’ या अपेक्षेने पैसे असूनही बिल न भरणारे लोक महाराष्ट्रात कमी नाहीत. २००४ च्या निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली आणि २००५ मध्ये ती मागे घेतली गेली, तेव्हापासून हा धडा पुष्कळांनी नीट गिरविला आहे. त्यानंतर दंड-व्याजमाफीच्या किती अभय योजना आल्या आणि गेल्या! हे सगळे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. थकबाकीचा सर्वांत मोठा भाग कोणाकडे आहे? तो शेतीपंपांकडे आहे. पथदिवे व सार्वजनिक पाणीपुरवठा यांपोटी स्थानिक स्वराज्य संस्थांची, म्हणजे एका अर्थी शासनाचीच, बाकीही लहान नाही. शेतीपंपाच्या थकबाकीला राजकारण हात लावू देत नाही (२०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत विजेची योजना आली), आणि गावाचे पथदिवे तोडले की सरपंचापासून आमदारापर्यंत सगळे फोन वाजू लागतात. राहिला तो दोन खोल्यांच्या घरातील ग्राहक. त्याची बाकी सर्वांत लहान आणि प्रतिकारशक्तीही सर्वांत लहान. मार्चअखेरचे वसुलीचे उद्दिष्ट ज्या अभियंत्याला पुरे करावयाचे आहे, तो त्याच्याच दारात जाणार. त्यात त्या अभियंत्याचा दुष्टपणा नाही. ज्या दिशेला उतार आहे तिकडे पाणी जाते.

वीज तोडावयास जाणाऱ्या माणसाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. महावितरणने आपल्या लाईनमनला ‘जनमित्र’ असे गोड नाव दिले आहे. या जनमित्राने वादळात खांबावर चढावयाचे, अपघाताचा धोका पत्करावयाचा, आणि मार्च महिन्यात त्याच वस्तीत पक्कड घेऊन शिरावयाचे. शिवीगाळ आणि मारहाण त्याच्या वाट्याला येते, त्यात पुष्कळसे कामगार कंत्राटी. धोरण मुंबईत ठरते आणि त्याची किंमत गल्लीतील दोन गरीब माणसे एकमेकांशी भांडून चुकवितात.

वसुलीसाठी अब्रूला हात घालण्याची पद्धत तर अधिकच खटकणारी आहे. नाशिक महापालिकेने २०२२ मध्ये थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजविण्याची मोहीम काढली. इतर काही शहरांतही असे प्रकार झाले. हे प्रकरण मुख्यतः घरपट्टीचे, आणि त्यातील काही थकबाकीदार बडे असणार यात शंका नाही. परंतु मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या लेखी ढोल हा दंड जबरदस्त असतो आणि तो कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला नाही. ज्याला खरोखरच लाज नाही त्याच्यावर ढोलाचा परिणाम होत नाही. ज्याची नोकरी गेली आहे आणि ते शेजाऱ्यांना कळू नये म्हणून जो धडपडतो आहे, तो मात्र त्याने मोडून पडतो. 

ही कोंडी एकट्या महाराष्ट्राची नाही. अमेरिकेतील मेम्फिस शहराची नगरपालिकेच्या मालकीची वीज-वायू-पाणी संस्था आणि क्राफ्ट नावाचे एक सामान्य कुटुंब यांच्यातील खटला तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निकालात काढला, तो या संदर्भात मुद्दाम वाचण्यासारखा आहे. क्राफ्ट कुटुंबाने १९७२ मध्ये घेतलेल्या घरात पूर्वी दोन बिऱ्हाडे राहत असत, त्यामुळे मीटरही दोन होते. त्यांना दोन-दोन बिले येऊ लागली. दुरुस्ती करून घेतल्यावरही घोळ मिटला नाही आणि वर्षभरात पाच वेळा त्यांचा पुरवठा तोडण्यात आला. बाईंनी कामावरून रजा घेऊन कचेरीच्या चकरा मारल्या, पण नेमके कोणाला भेटावयाचे हे कोणी सांगेना. न्यायालयाने जे म्हटले ते अगदी साधे आहे. तोडण्याची नोटीस देणे पुरेसे नाही. तक्रार कोठे व कशी करावयाची हे नोटिशीतच सांगितले पाहिजे, आणि चूक दुरुस्त करण्याचा अधिकार असलेल्या माणसाला पुरवठा तुटण्यापूर्वी भेटण्याची संधी ग्राहकाला मिळाली पाहिजे. आपल्याकडे किती नोटिशींवर अशा अधिकाऱ्याचे नाव व भेटीची वेळ असते, ते वाचकांनी आपापल्या घरातील कागद काढून पाहावे.

ब्रिटनचा अनुभव अधिक ताजा आणि अधिक भयप्रद आहे. तेथे वीज व वायू कंपन्या थकबाकीदाराचा पुरवठा सहसा उघडपणे तोडीत नाहीत. त्या न्यायदंडाधिकाऱ्याकडून घरात शिरण्याचे वॉरंट घेतात आणि आगाऊ पैसे भरून चालणारे मीटर बसवितात. युक्रेनमधील युद्धानंतर इंधनाचे भाव भडकले तेव्हा हे प्रमाण वाढले. एकट्या २०२२ मध्ये अशी ९४ हजारांहून अधिक मीटरे वॉरंटाच्या बळावर बसविण्यात आली. न्यायालयीन छाननी कशी होत असे? उत्तर इंग्लंडमधील एका न्यायालयाने चार मिनिटांहूनही कमी वेळात ४९६ वॉरंटे मंजूर केल्याचे वृत्त तेथील वृत्तपत्राने दिले होते. फेब्रुवारी २०२३ च्या आरंभी लंडनच्या ‘टाइम्स’च्या बातमीदाराने ब्रिटिश गॅससाठी काम करणाऱ्या वसुली कंपनीत स्वतः नोकरी धरून आतील प्रकार उघडकीस आणला. अपंग माणसे, लहान मुले असलेली घरे, कुलपे उघडून आत शिरणारी पथके, असे ते वर्णन होते. देश हादरला. नियामक संस्थेने सर्व कंपन्यांना हे काम थांबविण्यास सांगितले, आणि काही दिवसांतच वरिष्ठ न्यायाधीशांनी अशी वॉरंटे देणेच तूर्त बंद करावे असा आदेश खालच्या न्यायालयांना दिला. पुढे नियम झाले. ८५ वर्षांवरील व्यक्तीच्या घरी सक्ती नको, निदान दहा वेळा संपर्काचा प्रयत्न झाला पाहिजे, घरातील परिस्थिती प्रत्यक्ष जाऊन पाहिली पाहिजे, सारे चित्रित वा ध्वनिमुद्रित झाले पाहिजे. हे सुचण्यासाठी एका बातमीदाराला वेषांतर करावे लागले, हे त्या प्रगत देशालाही भूषणावह नव्हे.

ब्रिटनमधील या घडामोडींकडे आपण लक्ष देण्याचे कारण असे की, आगाऊ पैसे भरण्याचे मीटर हा आपल्याकडेही वसुलीच्या प्रश्नावरचा रामबाण म्हणून पुढे करण्यात आला. केंद्राच्या २०२१ च्या योजनेत स्मार्ट प्रीपेड मीटरांना मध्यवर्ती स्थान होते. महाराष्ट्रात त्याविरुद्ध इतका असंतोष उसळला की सामान्य घरगुती ग्राहकांना ही मीटरे बसविली जाणार नाहीत असे तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना जून २०२४ मध्ये जाहीर करावे लागले. विरोधातील पुष्कळ मुद्दे किमतीचे आणि कंत्राटांचे होते. मूळ मुद्दा त्या गदारोळात मागे पडला. आगाऊ पैशांच्या मीटरमध्ये थकबाकी उरत नाही हे खरे, कारण नोटीसच उरत नाही. शिल्लक संपली की यंत्र आपोआप पुरवठा थांबविते. तोडणारा कोणी नाही, तेव्हा जाब विचारावयाचा तरी कोणाला? पंधरा दिवसांची मुदत, निषेधपूर्वक रक्कम भरण्याची सोय, या संसदेने दिलेल्या संरक्षणाचा पाया असा आहे की बिल आधी येते आणि पैसे नंतर. तो क्रम उलटला की ते संरक्षण कागदावर राहते. इंग्रजीत या प्रकाराला ग्राहकाने ‘स्वतःच स्वतःची वीज तोडणे’ असा अर्थ होणारा शब्द रूढ झाला आहे; गरिबी ही गरिबाचीच कृती आहे असे सुचविणारा इतका निर्लज्ज शब्द दुसरा नसेल.

पाण्याच्या बाबतीत इंग्लंडने १९९९ च्या कायद्याने राहत्या घराचा नळ थकबाकीसाठी तोडण्यास सरळ बंदी घातली. तेथील पाणी कंपन्या खाजगी आहेत, नफ्यासाठी चालविल्या जातात, आणि आज त्यांच्यावर हरतऱ्हेची टीका होते. पण नळ तोडता येत नाही म्हणून त्या बुडाल्या असे कोणी म्हणत नाही. त्यांना इतर धनकोंप्रमाणे न्यायालयात जाऊन पैसे वसूल करावे लागतात, एवढेच. आपल्याकडे पाणीपट्टी तर सोडाच, घरपट्टीच्या बाकीसाठीही नळ तोडले जातात.

भाडेकरूंचा प्रश्न यात आणखी गुंता करतो. विजेची जोडणी मालकाच्या नावावर, वापर भाडेकरूचा, पैसे भाडेकरू मालकाला देतो आणि मालक ते भरत नाही, ही गोष्ट पुण्या-मुंबईत नित्याची. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयापुढे २००९ मध्ये जोहान्सबर्ग शहरातील एका इमारतीचे असेच प्रकरण आले, आणि पुरवठ्याचा करार मालकाशी असला तरी तोडण्याची सूचना राहत्या भाडेकरूंना दिलीच पाहिजे असा निर्वाळा न्यायालयाने दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, वीज ही मूलभूत सोय असून मालकाचे ना-हरकत पत्र नाही या कारणावरून ती भाडेकरूला नाकारता येत नाही असे म्हटले. त्यानंतर वर्षभराने, मे २०२३ मध्ये, आधीच्या मालकाची बाकी नव्या खरेदीदाराकडून वसूल करण्याची मुभा नियमांत असेल तर ती वैध आहे असाही निर्णय दिला. दोन्हींमागे कारणे आहेत. परंतु मूलभूत सोय आणि मालमत्तेला चिकटलेले देणे या दोन कल्पना एकाच घरात फार काळ सुखाने नांदणार नाहीत.

मग करावे काय? ज्याला देणे शक्य नाही आणि ज्याला द्यावयाचे नाही, यांत फरक करण्याची तयारी हवी. सरसकट माफी आणि सरसकट तोडणी या दोहोंत हा फरक करण्याचा कंटाळा सारखाच आहे. हा फरक कळणे कठीण असते, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला कोणी सांगावयास नको. पण वीज कंपनीजवळ इतर कोणत्याही धनकोजवळ नसलेली माहिती असते. दहा वर्षे दरमहा साठ-सत्तर युनिटे वापरून मुदतीत बिल भरणारे घर अचानक तीन महिने थकते, तेव्हा तेथे काही तरी घडले आहे हे त्या आकड्यांवरूनच कळते. अशा घरी पक्कड पाठविण्याआधी हप्त्यांचा कागद पाठवावा. दोन महिन्यांची ठेव आधी वळती करून घ्यावी. घरात वैद्यकीय उपकरणावर अवलंबून असलेला रुग्ण असल्याची नोंद करून घेण्याची सोय ठेवावी आणि उष्णतेच्या लाटेत तोडणी थांबवावी. फ्रान्समधील ईडीएफ या वीज कंपनीने एप्रिल २०२२ पासून घरगुती थकबाकीदारांची वीज पूर्ण तोडण्याऐवजी ती एक किलोव्होल्ट-अँपिअरपर्यंत मर्यादित ठेवण्याचे धोरण स्वीकारले. दिवे, पंखा, फ्रिज चालतो. वातानुकूलन यंत्र चालत नाही. आपल्याकडे बसविल्या जाणाऱ्या स्मार्ट मीटरांत भाराची मर्यादा दूरवरून घालण्याची क्षमता आहेच. तिचा उपयोग आजवर कोणी या कामासाठी सुचविल्याचे ऐकिवात नाही. ज्याच्याजवळ पैसे असून तो भरत नाही, तो वातानुकूलनाविना चार दिवसांत बिल भरील. ज्याच्याजवळ पैसे नाहीत, त्याच्या मुलांना निदान दिवा राहील.

यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. वीजपुरवठ्याची संहिता राज्य नियामक आयोग ठरवितो, आणि वीजदर निश्चित करण्यापूर्वी लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेणे त्याच्यावर ६४ व्या कलमाने बंधनकारक आहे. या सुनावण्यांत प्रतियुनिट किती पैसे वाढणार यावर तासन्‌तास खल होतो. उद्योगांचे प्रतिनिधी जाडजूड फायली घेऊन येतात. घरगुती ग्राहकांच्या किती जोडण्या किती रुपयांच्या बाकीसाठी तोडल्या, त्यांतील किती बिले पुढे चुकीची ठरली, आणि किती घरे किती दिवस अंधारात राहिली, हा तक्ता वितरण कंपन्यांनी दरवाढीच्या प्रत्येक प्रस्तावाला जोडावा, एवढी हरकत पुढच्या सुनावणीत कोणाही नागरिकाला साध्या कागदावर नोंदविता येईल.